मधली खुर्ची

हॅमवरून ते दोघं हसले आणि ओतिलिया सेर्मेन्यो त्या हसण्याच्या बाहेर राहिली. खरं तर हसण्यासारखंच होतं ते. बैठक संपत आली होती, कॉफीचे कप रिकामे झाले होते, विक्रीकराच्या मसुद्यावर सकाळपासून चाललेली घासाघीस नेहमीप्रमाणे पुढच्या खेपेवर ढकलली गेली होती, आणि कागद गोळा करता करता दॉन लिसान्द्रो बुस्तामान्ते सहज म्हणाले, "कमांडर, तुमच्या माणसांनी माझ्या फ्रीजमधलं सगळं हॅम फस्त केलं होतं, बरं का. स्पेनहून मागवलेलं. नाताळसाठी." समोर बसलेल्या सालोमोन आयालाने चष्मा काढला. "एस्कालोनमधलं घर? निळ्या फरशीचा तलाव असलेलं? ते तुमचं?" "माझंच की! मी वरच्या मजल्यावर होतो, न्हाणीघरात, बायकोसकट." "अरे देवा! आणि आम्ही खाली स्वयंपाकघरात. वर कोणीतरी आहे हे कळत होतं आम्हाला. नळ वाजायचा." "मग वर का नाही आलात?" "हॅम संपायचं होतं ना, शेठ!" यावर दॉन लिसान्द्रो इतके हसले की त्यांना ठसका लागला. त्यांनी टेबलावरून हात लांबवून सालोमोनच्या मनगटावर थाप मारली, आणि सालोमोनने तो हात क्षणभर तसाच धरून ठेवला. कॉफीच्या मळ्यांचा मालक आणि डोंगरातून खाली उतरून कामगार संघटनेत आलेला जुना बंडखोर. या दोघांचे हात एकमेकांना लागावेत म्हणून ओतिलिया गेलं वर्षभर मरमर मरत होती. तिला आनंद व्हायला हवा होता. ती ओठांनी हसली, आणि मधल्या खुर्चीत, दोघांच्या बरोबर मधोमध बसून आपण अगदी एकट्या आहोत असं तिला वाटलं.

बाहेर पडल्यावर तिने बस घेतली नाही. ऊन उतरत होतं, ज्वालामुखीच्या माथ्यावर ढगाचा एक तुकडा अडकला होता, आणि कोपऱ्यावरच्या बाईने हिरव्या आंब्याच्या फोडींवर तिखट-मीठ भुरभुरवून त्या पिशवीत घालून दिल्या. ओतिलिया खात खात चालत राहिली आणि त्या दोघांचं हसणं मनात पुन्हा पुन्हा वाजवून पाहत राहिली. वाईट नव्हतं ते हसणं. त्यात टोमणा नव्हता की कडवटपणा नव्हता. एकाच शाळेत शिकलेले दोघं म्हातारपणी भेटावेत आणि मास्तरांच्या नकला कराव्यात, तसं होतं ते. त्या दोघांना युद्धाने एकमेकांचं करून टाकलं होतं. त्यांनी एकमेकांवर बंदुका रोखल्या होत्या, म्हणून आता त्यांच्याकडे बोलायला काहीतरी होतं. तिने कोणावर काय रोखलं होतं? ती विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत होती. विद्यापीठ बंद झाल्यावर ती एका बँकेच्या आकडेवारी खात्यात बसून मक्याच्या आणि कॉफीच्या भावांचे आलेख काढत होती. मैत्रिणी मेक्सिकोला गेल्या, काही डोंगरात गेल्या, दोघी-तिघींनी लष्करी अधिकाऱ्यांशी लग्नं केली. ती आईजवळ राहिली. आई होती म्हणून राहिली, की राहायचं होतं म्हणून आईचं निमित्त केलं, हे तिने स्वतःला कधी नीटसं विचारलं नव्हतं.

तह झाल्यावर आर्थिक संवाद मंच काढायचं ठरलं तेव्हा मधल्या खुर्चीसाठी माणूस मिळेना. याची बहीण डोंगरात होती, त्याचा मेव्हणा कर्नल, तिसऱ्याने कुठल्याशा वर्तमानपत्रात काहीबाही लिहिलेलं. शेवटी एक पाद्री तिच्या घरी आले, दारातल्या वेताच्या खुर्चीवर बसले आणि टोपीने वारा घेत म्हणाले, "तुमच्या नावाला कोणीच हरकत घेतली नाही, बाई. दोन्हीकडून एकदम होकार. असं मी आयुष्यात पाहिलं नाही." तिला तेव्हा केवढा अभिमान वाटला होता! रात्रंदिवस आलेल्या-गेलेल्याला तेच सांगत सुटली होती ती. आता आंब्याची आंबट फोड दाताखाली धरून तिला त्या होकाराचा दुसरा अर्थ दिसायला लागला. हरकत घ्यायला माणूस कुणाचा तरी असावा लागतो.

काम मात्र तिने जीव ओतून केलं होतं. बंद खोलीतल्या बैठकांनी काही होणार नाही, करांबद्दल बोलायचं तर ज्यांच्या ताटातून ते जाणार त्यांच्यासमोर बोललं पाहिजे, हा हट्ट तिचाच. म्हणून मंच गावोगाव न्यायचा, नगरपालिकेच्या दालनात लोकांना बोलवायचं, माइक लावायचा आणि बोलू द्यायचं. सोन्सोनातेच्या पहिल्या खुल्या बैठकीला दालन भरलं होतं आणि कोणी बोललंच नव्हतं. माणसं माइककडे बघायची, मग दाराकडे बघायची. इतकी वर्षं चारचौघांत तोंड उघडणं म्हणजे रात्री दारावर थाप, हेच ज्यांनी पाहिलं होतं त्यांनी विक्रीकराच्या दरावर एकाएकी काय मत द्यायचं? एक म्हातारा महत्प्रयासाने उठला, माइकसमोर उभा राहिला; सवयीने तिने त्याला नाव विचारलं आणि तो काही न बोलता परत जागेवर जाऊन बसला. ती चूक तिने पुन्हा केली नाही. पुढच्या गावापासून नाव विचारणं बंद केलं, आणि मग हळूहळू तोंडं उघडायला लागली. आधी शाळामास्तर, मग बाजारातल्या बायका, मग कोण कोण. कोहुतेपेकेमध्ये एका बाईने न विचारता आपलं नाव, आडनाव, नवऱ्याचं नाव, गल्लीचं नाव सगळं खणखणीत आवाजात सांगितलं आणि म्हणाली, "आता लिहून घ्या, औषधावर कर लावलात तर माझ्या सासूला तुमच्या घरी आणून सोडते!" दालनात हशा पिकला होता. त्या सगळ्यात ओतिलियाचा चेहरा मात्र इस्त्री केलेला. "मला वाटतं" हे शब्द तिने वर्षभरात उच्चारले नव्हते. आपलं मत विचारलं की ती म्हणायची, "मत तुमचं महत्त्वाचं." आता घरी पालेभाजी निवडतानासुद्धा तिला स्वतःशी बोलता येत नसे. कुठलाही विचार मनात आला की त्याच्यामागून दुसऱ्या बाजूचा विचार हजर, आणि ती दोघांनाही आदराने बसायला सांगायची.

घराच्या गल्लीत वळली तेव्हा आंबा संपला होता. मेहिकानोसमधलं ते घर तिने सोडलं नव्हतं. अंगणात लिंबाचं झाड, भिंतीला दुरुस्तीचे वेगळ्या रंगाचे गिलावे. ज्या नोव्हेंबरात सालोमोनची माणसं श्रीमंतांच्या एस्कालोनमध्ये शिरली त्याच नोव्हेंबरात आधी ती माणसं या वस्तीत शिरली होती. रस्ते खणले गेले, वीज गेली, वरून विमानं यायला लागली. आईला मधुमेह होता. इन्सुलिन संपलं. ओतिलियाने झाडूच्या दांड्याला उशीचा पांढरा अभ्रा बांधला आणि औषधाच्या दुकानाकडे निघाली. गल्लीच्या वरच्या तोंडाशी खंदक होता. त्यातला दाढीवाला म्हणाला, "मागे फिरा बाई, पुढे सैनिक आहेत, अभ्रा-बिभ्रा बघणार नाहीत." दुसऱ्या दिवशी तिने खालच्या तोंडाने जाऊन पाहिलं. तिथे सैनिक. त्यांच्यातला एक, तरणाताठा, घामाने डबडबलेला, म्हणाला, "बाई, परत जा. इथून पुढे सोडलं तर ते वरून गोळी घालतील आणि आमच्यावर बालंट येईल." दोघंही तिच्याशी नीट बोलले होते. दोघांनीही तिला बाई म्हटलं होतं. कोणी शिवी दिली असती, ढकललं असतं, तर निदान तो चेहरा तरी तिच्याजवळ राहिला असता. आई स्वच्छ उन्हाच्या सकाळी गेली. शेवटी शेवटी तिला कळत नव्हतं, पण मध्येच एकदा शुद्धीवर येऊन ती ओतिलियावर खेकसली होती की खिडकी उघड, काय कोंडून घेतलंस. शेजाऱ्यांनी लिंबाखाली खड्डा खणायला मदत केली. पुढे रस्ते मोकळे झाल्यावर तिला स्मशानात नेलं. तह झाल्यावर मेलेल्यांची नोंद घेणारे लोक वस्तीत आले होते. फार प्रेमाने बोलले. "कोणी मारलं?" त्यांनी विचारलं. ओतिलिया म्हणाली, "साखरेने." मग तिला स्वतःचीच लाज वाटली आणि तिने त्यांना लिंबाचं सरबत दिलं.

त्या दिवसांत एस्कालोनमध्ये हॅम खाल्लं जात होतं, याचा तिला राग आला का? तिने दार उघडलं, चपला काढल्या, पाण्याचा तांब्या तोंडाला लावला आणि राग शोधून पाहिला. नव्हता. भुकेल्या माणसांनी हॅम खाल्लं, घाबरलेला माणूस न्हाणीघरात बसला, यात रागवायचं काय? एवढंच, की त्या दोघांना आता ती गोष्ट सांगून हसता येत होतं, आणि तिच्या गोष्टीला ऐकणारं दुसरं टोकच नव्हतं.

शुक्रवारी दोघांनी तिला जेवायला बोलावलं. डोंगराच्या उतारावर पुपुसांची, म्हणजे चीज भरलेल्या मक्याच्या भाकऱ्यांची, एक टपरी होती, खाली सगळं शहर पसरलेलं. ती पोचली तेव्हा दोघं आधीच बसले होते, शर्टाच्या बाह्या वर करून, हाताने पुपुसा तोडत आणि कोबीचं लोणचं बोटांनी उचलत. दोघं एकमेकांना अरे-तुरे करत होते. तिच्यासाठी खुर्ची ओढली गेली ती टेबलाच्या टोकाला.

"बाई, पेढे वाटा!" दॉन लिसान्द्रोंनी हात पुसले. "जमलं."

"काय जमलं?"

"सगळंच. सरसकट एकच दर. मका, घेवडा, औषधं, गाड्या, सगळ्यांवर सारखा. हिशेब सुटसुटीत. आणि जमिनीवरच्या कराचा विषय बंद."

ओतिलियाने सालोमोनकडे पाहिलं. तो पुपुसातलं चीज दोरीसारखं ओढत होता. "तुम्ही कबूल झालात?"

"त्यातून निधी निघतोय, बाई," तो हळू म्हणाला. "लढलेल्यांसाठी. आमच्या आणि त्यांच्यासुद्धा. माझी माणसं रस्त्यावर आहेत. एकाला पाय नाही, एकाला दिसत नाही. सिग्नलला गाड्यांच्या काचा पुसतात. मी त्यांना किती वर्षं सांगू, थांबा म्हणून?"

"आणि फौजेतल्या विधवा," दॉन लिसान्द्रो म्हणाले. "माझ्या मळ्यावर सात-आठ घरं आहेत तशी. त्यांनी काय करायचं?"

ही थापेबाजी नव्हती. दोघांच्याही डोळ्यांसमोर खरी माणसं होती, आणि ती माणसं ओतिलियालाही दिसली. "औषधांवर नको, असं लोक प्रत्येक गावात म्हणाले होते," ती म्हणाली.

"म्हणाले ना. आपण ऐकलं ना." दॉन लिसान्द्रोंचा आवाज समजुतीचा होता. "संवाद म्हणजे तेच की. उद्या सान्ता तेक्लाला बैठक आहेच, तिथे तुम्ही जाहीर करा. तुमच्या तोंडून आलं की कोणी शंका घेणार नाही."

"मग उद्या लोकांनी काय करायचं?"

"टाळ्या वाजवायच्या!" दॉन लिसान्द्रो म्हणाले, आणि सालोमोन हसला, पण ओतिलियाच्या चेहऱ्याकडे बघून थांबला. निघताना तो तिला बसथांब्यापर्यंत सोडायला आला. "तुम्ही होतात म्हणून जमलं, बाई," तो मनापासून म्हणाला. "तुम्ही ना त्यांच्या, ना आमच्या. हे आमचं नशीब." ती "येते" म्हणाली आणि बसमध्ये चढली. तिला त्याला सांगायचं होतं की मका आणि औषधं विकत घेणारी, कुणाकडूनच न लढलेली माणसं या देशात सगळ्यात जास्त आहेत आणि त्यांचा निधी कोणी काढलेला नाही. पण ते वाक्य जुळेपर्यंत बस निम्मा उतार उतरली होती.

सान्ता तेक्लाच्या दालनात शनिवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. पंखे नुसतेच आवाज करत होते. मंचावर पांढरा टेबलपोस, पाण्याचे पेले, डावीकडे दॉन लिसान्द्रो, उजवीकडे सालोमोन, टोकाला अर्थखात्याचा एक घामेजलेला अधिकारी, आणि मध्ये ती. समोर माइकपाशी लोकांची रांग आधीच लागली होती. बाजारात पानात वाफवलेले मक्याचे तमाल विकणाऱ्या चोलेमावशी त्यात पुढेच होत्या, ॲप्रनसकट. ओतिलिया इथल्या प्रत्येक बैठकीत त्यांना बघत आली होती. त्यांचं बोलणं कधीच वेळेत आटपत नसे. तिने निवेदन हातात घेतलं. "मंचाच्या सर्व सदस्यांमध्ये सहमती झाली आहे," ती वाचू लागली, आणि दालन एकदम गप्प झालं. ती गप्पपणाची जात तिने ओळखली. सोन्सोनातेच्या पहिल्या बैठकीत होती तीच. वर कुठेतरी ठरलंय, आता आपण दाराकडे बघायचं. रांगेतली दोन माणसं खांदे पाडून मागे वळलीसुद्धा. वर्षभर गावोगाव फिरून, एकेक तोंड उघडून तिने जे जमवलं होतं ते तिच्याच आवाजाने विझत होतं. तिने कागद टेबलावर ठेवला. दॉन लिसान्द्रो पुटपुटले, "पाणी हवंय का?" ती उठली, मंचाच्या बाजूच्या पायऱ्या उतरली आणि रांगेत जाऊन सगळ्यांत शेवटी उभी राहिली.

कोणालाच काही कळेना. अधिकाऱ्याने घसा साफ केला. "बाई, काही विसरलात का?" "नाही," ती म्हणाली, "मला बोलायचंय." रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली, मग गर्दीत वाट करून देतात तशी बाजूला सरली. "जा पुढे," कोणीतरी म्हणालं. चोलेमावशींनी मात्र आपली जागा सोडली नाही, फक्त तिला आपल्या पुढे घेतलं. "लवकर आटपा हं," त्या म्हणाल्या.

"माझं नाव ओतिलिया सेर्मेन्यो," ती माइकमध्ये म्हणाली, आणि तिला आपलाच आवाज अनोळखी वाटला. "राहणार मेहिकानोस. मी मंचाच्या वतीने बोलत नाहीये. मला वाटतं," इथे ती थांबली, "मला वाटतं औषधांवर कर लावू नये. माझी आई नोव्हेंबरातल्या लढाईत गेली. गोळी लागून नाही. इन्सुलिन मिळालं नाही म्हणून. आमच्या गल्लीच्या एका तोंडाला खंदक होता आणि दुसऱ्या तोंडाला फौज. दोन्हीकडच्यांनी मला परत पाठवलं. दोघंही माझ्याशी चांगलं बोलले." तिला आणखी पुष्कळ बोलायचं होतं, दर, आकडे, मक्याचा भाव, सगळं तोंडपाठ होतं. पण त्यातलं काहीच आलं नाही. "आता त्या दोघांचं पटलंय, याचा मला आनंद आहे," ती म्हणाली. "पण गल्ली अजून बंदच आहे."

सालोमोन उभा राहिला होता. "कुठली गल्ली?"

"चुनाभट्टीची."

"वरचा खंदक आमचा," तो म्हणाला. "माझ्या हाताखालचा."

"ती वेळच तशी होती," दॉन लिसान्द्रो म्हणाले, त्याला सावरून घेतल्यासारखे. "शहरात लढाई आणल्यावर असं होणारच."

सालोमोन वळला. "आणली? आणि वस्तीवर बाँब कोणी टाकले?"

"तुम्ही लोकांच्या घरात लपलात म्हणून टाकले!"

"तुझ्या घरावर नाही पडला एकही! आम्ही तुझ्या घरात होतो ना? मग तिथे का नाही टाकला?"

दॉन लिसान्द्रोंनी पाण्याचा पेला पुढे ओढला. याचं उत्तर दालनातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मग एकच गलका झाला. कोणी आपल्या भावाचं नाव घेतलं, कोणी पुलाचं, कोणी गावाचं. एक बाई खुर्चीवर चढून ओरडत होती की डोंगरातल्यांनीही तिची गाय नेली, तिचं कोण देणार. अधिकारी हातवारे करून ओतिलियाला मंचावर बोलवत होता. तिला माहीत होतं, एका वाक्यात ती सगळ्यांना खाली बसवू शकली असती. तेवढं कसब तिच्याकडे होतं. मधली खुर्ची रिकामी होती आणि ती इथून, खालून, कशी दिसते हे ती प्रथमच बघत होती. लहानशी, साधी, कुठल्याही शाळेत असते तशी. ती हलली नाही. "झालं ना बाई?" चोलेमावशींनी तिच्या कोपराला धरून तिला बाजूला केलं. "मग सरका, माझी पाळी." आणि माइक ओढून घेऊन मंचाकडे बघत त्या गरजल्या, "तुम्ही दोघं बाहेर जाऊन भांडा! मला मक्याबद्दल बोलायचंय."

त्या दिवशी सहमती जाहीर झाली नाही. पुढे महिनाभरात ओतिलियाला मंचातून आभारपूर्वक मोकळं करण्यात आलं. तिच्या जागी परदेशातून एक गृहस्थ आले, फार हुशार आणि दोन्ही बाजूंना पसंत. औषधं करातून वगळली गेली. मका वगळला गेला नाही. निधी झाला, पण ठरला होता त्याहून लहान, आणि सिग्नलला काचा पुसणारी माणसं होती तितकीच राहिली. सालोमोन आणि दॉन लिसान्द्रो एकमेकांना पुन्हा अहो-जाहो करू लागले असं तिच्या कानावर आलं, आणि याचा दोष थोडासा तिच्याकडे येतो हेही तिला कळत होतं. ती पुन्हा शिकवायला लागली. लोक रस्त्यात तिला ओळखायचे. कोणी हात हलवायचे, कोणी मुद्दाम दुसरीकडे बघायचे. घरी संध्याकाळ लांबायची. बोलून टाकलं की मन हलकं होतं म्हणतात, तसं काही झालं नव्हतं. उलट आई त्या दालनात शेकडो लोकांसमोर दोन वाक्यांची होऊन गेली, याचंच तिला वाईट वाटत राहिलं.

एका रविवारी दुपारी सालोमोन फाटकाशी येऊन उभा राहिला. हातात काही नव्हतं. "गल्ली सापडायला वेळ लागला," तो म्हणाला. "तेव्हा सगळं वेगळंच दिसायचं." तिने त्याला अंगणात बसवलं, कॉफी आणली. त्याने कप हातात धरला आणि प्यायलाच नाही. "खंदकात कोण होता ते आठवतंय मला. तो आता नाही," तो म्हणाला. "माफी मागायला आलो असं म्हणायचं होतं. पण फाटकात उभा राहिलो आणि ते शब्द फार स्वस्त वाटले."

"कॉफी प्या," ती म्हणाली. "गार होतेय."

तो प्यायला. शेजारच्या घरात रेडिओवर फुटबॉलच्या सामन्याचं वर्णन चाललं होतं. ओतिलिया वाट बघत होती की तो आता करांबद्दल बोलेल, मंचाबद्दल, त्या परदेशी गृहस्थाबद्दल. मनातल्या मनात ती त्या उत्तरांची जुळवाजुळवही करायला लागली होती. सालोमोनने कप खाली ठेवला.

"कशा होत्या त्या?" त्याने विचारलं. "तुमच्या आई."

हे तिला कोणी विचारलं नव्हतं. पाद्रींनी नाही, नोंद घेणाऱ्यांनी नाही, शेजाऱ्यांना तर विचारायची गरजच नव्हती. तिने तोंड उघडलं आणि तिला कळेना, कुठून सुरू करावं. आईची पावलं, आईचा आवाज, तिचं ते उठल्यासुटल्या खिडक्या उघडत फिरणं, सगळं एकदम दाराशी आलं आणि दारातच अडकलं. सालोमोन घाई न करता बसून राहिला.

"चिडकी होती," ती म्हणाली.